वाफ्याकाठी काढलेले जोडे

बडनेऱ्याच्या रेल्वेसाहेबानं मला नोकरीचा शब्द दिला तेव्हा माझ्या दोन्ही हातांत वांगी होती. अमरावतीच्या कडेला आमचा मळा. भाजी आणि फुलं, तिसरं काही नाही. मंडईचा माल बाबा न्यायचे आणि बडनेऱ्याच्या रेल्वे बंगल्यांची भाजी माझ्याकडे. सायकलच्या मागं दोन टोपल्या, पुढं दांडीला फुलांच्या पुड्या. साहेब पुरता गोरा नव्हता, पण टोपी गोऱ्यांची घालायचा आणि सायकलचा भलता शौकीन होता. पावसाळ्यात नाला फुगला की मी टोपल्यांसकट सायकल खांद्यावर मारून पलीकडे जायचो, ते त्यानं कधीतरी व्हरांड्यातून पाहिलं असावं. त्या दिवशी वांगी दाबून बघता बघता तो म्हणाला, "अकोला में रेस है. खेत में, नाले में. सायकल चलाना भी, उठाना भी. पूरे हिंदुस्तान से लोग आते हैं. पहले तीन में आओ, रेल्वे में ले लूँगा तुमको. समझे?"

समजलो म्हणजे काय, घरी येईस्तोवर पायडल मारल्याचंही कळलं नाही मला.

रेल्वेची नोकरी म्हणजे तेव्हा काय होतं ते आता सांगून कुणाला पटायचं नाही. पाऊस येवो न येवो, भाव पडो का चढो, पगार आपला ठरलेला. माझ्यापेक्षा बाबांनाच तिची जास्त हाव. बाबांचा मळ्यावर जीव होता, पण पोरानं त्यात राहावं असं त्यांना बिलकूल वाटत नव्हतं. जन्मभर टोपल्या वाहून त्यांच्या टाळूवर चुंबळीएवढं टक्कल पडलं होतं. ते पागोटं काढायचे, बोटानं दाखवायचे आणि म्हणायचे, "हे पाय. माह्या डोक्शावर चुंबळ बसली. तुह्या डोक्शावर मले रेल्वेची टोपी पायजे."

साहेबाचा शब्द ऐकला आणि बाबांनी त्याच दिवशी अख्ख्या मंडईत सांगून टाकलं की पोट्टं रेल्वेत लागलं. 

"बाबा, शर्यत व्हायची हाये अजून."

"झाली समज."

आई चुलीपुढून म्हणाली, "बाजारात तुरी अन् भट भटनीले मारी." पण तिलाही आतून उकळ्या फुटत होत्या, ते तिच्या तोंडावर दिसत होतं.

मी सायकल अनवाणीच मारायचो. बाबांना ते पसंत नव्हतं. मुंबई-पुण्याच्या पोरांत आपलं पोरगं उघड्या पायांनी कसं दिसेल म्हणून ते मला धरून बाजारात घेऊन गेले आणि पांढरे कॅनव्हासचे जोडे घेऊन दिले. माझ्या आयुष्यातले पहिले जोडे. घरी येऊन ते मी उशाशी ठेवले, तर धाकटी बहीण म्हणाली, "देव्हाऱ्यात ठेव ना!" चिडून मी तिची वेणी ओढली.

निघायच्या आदल्या संध्याकाळी घरात हार गुंफायला बसले सगळे. झेंडूचा एक जाडजूड, शेवंतीचा एक, मधे मधे मरवा. मला कसंतरीच व्हायला लागलं. म्हटलं, जिंकल्याशिवाय हार कशाला न्यायचे? बाबा म्हणाले, "तिथं तुले हार घालाले कोन येनार हाये? कोनाचे भिजेल-सुकेल हार तुह्या गळ्यात पडले तं मले चालनार नाही. आपल्या मळ्यातले फुलं पायजे." टोपलीवर ओलं फडकं बांधलं आणि ती टोपली घेऊन बाबा माझ्यासोबत अकोल्याला निघाले. बडनेऱ्याला सायकल सामानाच्या ब्रेकव्हॅनमध्ये चढवली. गाडी सुटली आणि बाबांनी डब्यात सांगायला सुरुवात केली. हा माहा पोट्टा. सायकलच्या शर्यतीले चालला. पहिल्या तीनात आला का रेल्वेत. मूर्तिजापूर येईस्तोवर डब्यातल्या शेवटच्या बाकड्यावरच्या म्हातारीलाही माझी नोकरी माहीत झाली होती. मी खिडकीबाहेर तोंड करून कपाशीची वावरं पाहत बसलो. बाप आपलं कौतुक करतो तेव्हा माणसानं कुठं पाहावं हे मला आजवर कळलेलं नाही.

अकोल्यात एका मैदानावर मांडव घातला होता. शर्यत भरवणारे कापसाच्या जिनिंगवाले शेठ खुर्च्यांवर, आणि खेळाडू म्हणजे काय एकेक राजबिंडे! लोकरीचे बनियन, बारीक टायरच्या विलायती सायकली. माझ्या सायकलला टोपल्या अडकवायचे लोखंडी आकडे तसेच होते. काढायचं डोक्यातच आलं नाही. मेजामागं नावं लिहीत बसलेल्या चष्मेवाल्या गृहस्थांनी ते आकडे पाहिले आणि विचारलं, "ही शर्यत फक्त हौशी लोकांसाठी आहे. तुम्ही हौशी की धंदेवाईक?"

मी तोंड उघडायच्या आत बाबा बोलले, "हौस कायची जी? धंदाच हाये आमचा. रोज मारते तो सायकल."

संपलं! गृहस्थांनी लेखणी खाली ठेवली. मागं उभे असलेले पुण्याकडचे दोघं एकमेकांना कोपरानं ढोसायला लागले. मी घाईघाईनं म्हणालो, "धंदा भाजीचा हाये साहेब. सायकल नुसती वाह्यते."

"म्हणजे सायकल धंदेवाईक आणि तुम्ही हौशी," असं त्या पुण्याकडच्यांपैकी एक म्हणाला, आणि मांडवात जो हशा पिकला तो अजून माझ्या कानात आहे. शेवटी शेठजींनी हात हलवला, "राहू द्या, आपल्या वऱ्हाडचा एक तरी पोरगा असू द्या." असं दयेवर माझं नाव चढलं. बाबांशी मी त्या दिवशी पुढं एक शब्द बोललो नाही. त्यांना कारण कळलं नाही. ते सगळ्यांना फुलांची टोपली कुठं सावलीत ठेवता येईल ते विचारत फिरत होते.

मार्ग दाखवला तो लांबूनच, बोट करून. त्या झेंड्यापासून नाला, नाल्यातून चढ, चढानंतर बाभळीचं रान, मग वावरं, मग एका विहिरीला वळसा घालून परत. विहिरीजवळ एक मळा लागत होता. मालकाला नुकसानभरपाई दिलेली आहे, बेलाशक तुडवा, असं भोंग्यावरून सांगितलं. ते मी ऐकलं होतं. स्पष्ट ऐकलं होतं, म्हणून तर अजून डोकं भणभणतं.

सकाळी शर्यत सुटली. पहिल्या सपाट तुकड्यावर मी पार मागं. विलायती सायकली भुर्रकन गेल्या. पण नाला आला आणि आपलं राज्य सुरू झालं. मोठे मोठे शर्यतवाले सायकल ओढत, ढकलत, वाळूत रुतत होते. मी खांद्यावर मारली आणि सुटलो. भरलेल्या टोपल्यांसकट नेणाऱ्याला रिकामी सायकल म्हणजे काय? चढावर चार-पाच जण मागं टाकले. बाभळीच्या रानात दोघांच्या टायरात काटे मोडले. काळ्या वावरात भेगा पडल्या होत्या, त्यांत पुण्याकडचा तो बोलघेवडा चाक अडकून तोंडावर आपटला. देवाशपथ, मला मनापासून आनंद झाला. वावर ओलांडलं तेव्हा पुढं फक्त दोघं होते. म्हणजे मी तिसरा. तिसरा म्हणजे रेल्वे! छाती फुटायला आली होती, पण मी हसत होतो.

आणि मग तो मळा आला.

मेथीचे वाफे होते. नुकतंच पाणी सोडलेलं, माती ओली काळीकुट्ट, आणि पानं कोवळी. पुढच्या दोघांनी वाफ्यांतून सरळ सायकली घातल्या, चिखल उडवत निघून गेले. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, गर्दी होती, लोक ओरडत होते. मी सायकलवरून उतरलो. खाली बसलो. जोड्यांच्या नाड्या सोडल्या. दोन्ही जोडे धुऱ्यावर एकमेकांना लावून नीट ठेवले. सायकल खांद्यावर घेतली आणि वाफ्यांच्या मधल्या वरंब्यावरून, एकापुढं एक पाऊल टाकत, अनवाणी चालत निघालो.

का? काय सांगू का! आमच्या घरी पायताण घालून वाफ्यात कुणी जात नाही. पाहुणा असो, जावई असो, वहाणा काठावर निघणार. मी सहा-सात वर्षांचा असताना मामाच्या चपला पायात अडकवून मेथीच्या वाफ्यात शिरलो होतो, तर बाबांनी अशी एक ठेवून दिली होती की दोन दिवस कान गुणगुणत होता. "जे खातो त्याच्यावर जोडे ठेवतो का बे?" त्या दिवसापासून ओली माती आणि हिरवं पान दिसलं की माझे पाय स्वतःहून उघडे होतात. त्यात विचार नसतो. शिंक येते तिला कुणी विचार करून देतं का?

वरंबा अर्धा झाला तेव्हा गर्दीचा आवाज बदललेला मला जाणवला. ओरडणं थांबून लोक हसत होते. एक जण पोट धरून खालीच बसला. मळ्याचा मालकच होता तो. "अबे ए, चाल ना तुडवत! पैसे भेटले मले!" तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. पण तोवर मी पलीकडच्या काठाला आलो होतो आणि जोडे अलीकडे होते. बाबांनी घेऊन दिलेले, नवेकोरे. शहाण्या माणसानं काय केलं असतं? जोडे गेले खड्ड्यात म्हणून अनवाणी सायकल मारली असती, तशी तर जन्मभर मारली होती. मी मूर्ख परत फिरलो. आणि परत फिरलो तेही वरंब्यावरूनच, पाऊल जपून! माझ्या बाजूनं एकामागून एक सायकली मेथी चिरडत जात होत्या. तो तोंडावर आपटलेला पुण्याकडचाही गेला. जाता जाता त्यानं माझ्याकडं पाहून नमस्कार केला.

शेवटच्या रेषेपाशी मी पोचलो त्याच्या आधीच माझी कीर्ती पोचली होती. दोन्ही बाजूंनी लोक उभे राहून "जोडे! जोडे!" ओरडत होते. एकानं स्वतःची चप्पल काढून डोक्यावर नाचवली. मला धरणीनं पोटात घेतलं असतं तर फार बरं झालं असतं. मांडवाजवळ बाबा हार हातात घेऊन उभे होते. त्यांना कुणीतरी सगळं सांगितलं होतं, ते त्यांच्या तोंडावरच दिसलं. मला वाटलं आता इथंच बदडतात. बदडलं असतं तर बरं वाटलं असतं. पण ते फक्त म्हणाले, "पाय धुऊन घे." मग मुंबईचा तो उंच पोरगा पहिला आला म्हणून त्याला खुर्चीवर उभं केलं तेव्हा बाबा पुढं झाले आणि आमच्या मळ्यातले दोन्ही हार त्याच्या गळ्यात घालून आले. "फुलं वापस कायले न्यायचे?" एवढंच बोलले. त्या पोराला वाटलं असेल, वऱ्हाडी लोक किती अगत्याचे.

परतीच्या गाडीत समोर एक कापसाचा दलाल बसला होता. मी धोतरात, सायकल ब्रेकव्हॅनमध्ये, तो काय ओळखणार मला? गाडी सुटल्या सुटल्या त्यानं डब्याला माझीच गोष्ट सांगायला घेतली. आणि त्यात मीठ-मिरची घालून. "अन् मंग का नाही, त्यानं त्या मेथीले हात जोडले, म्हने माय, माफ कर!" डबा हसून हसून लोटपोट. मी मान खाली घालून अंगठ्यानं फळी खरवडत होतो. कधीतरी बाबा भडकतील आणि या बुवाच्या गचांडीला हात घालतील असं वाटत होतं, कारण बाबांचा राग सगळ्या मंडईला ठाऊक. बाबा ऐकत होते. दलालाकडं कमी आणि हसणाऱ्यांच्या तोंडाकडं जास्त पाहत होते. गोष्ट संपल्यावर त्यांनी अगदी सावकाश विचारलं, "काहो, हे आयकून तुमाले त्या पोट्ट्याचा राग येते का?"

"राग काहून येईन बुवा? असा मानूस तं कामावर ठेवावं वाटते. हसू येते, पन मायाही लागते."

बाबा मग बडनेऱ्यापर्यंत खिडकीबाहेरची वावरं पाहत बसले. मला वाटलं, दुःखात आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी टोपली स्वतः भरली. निवडून निवडून चांगला माल घातला आणि "मीबी येतो" म्हणून माझ्यासोबत बडनेऱ्याला निघाले. साहेब व्हरांड्यात दाढी करून चहा पीत बसला होता. शर्यतीचा निकाल त्याला अकोल्याहून तारेनं कळलेला होता. मला पाहून म्हणाला, "हार गया ना? जाओ, भाजी अंदर दे दो," आणि उठलाच. काम खलास. मी टोपली उचलली. पण बाबा पायऱ्या चढून वर गेले.

"साहेब, सुनो तो! पोट्टा हारा नही, जोडे ने हरवाया उसको!"

साहेब थांबला. मग बाबांनी सांगायला सुरुवात केली, त्यांच्या त्या मोडक्यातोडक्या हिंदीत. नाला सांगितला, वावर सांगितलं, मी तिसरा होतो ते सांगितलं. मेथीपाशी आले आणि मला वाटलं आता संपवतील. नाही. बाबा व्हरांड्यात खाली बसले. पायात काही नव्हतं तरी नाड्या सोडल्यासारखं केलं. नसलेले जोडे एकमेकांना लावून फरशीवर ठेवले. माझ्या हातातली टोपली घेऊन ती सायकल म्हणून खांद्यावर मारली आणि व्हरांड्याच्या काठाच्या फरशीवरून, हात फाकून, तोल सावरत, एकापुढं एक पाऊल टाकत चालू लागले. त्यातली वांगी घरंगळत खाली पडली. साहेब खदखदून हसला. त्यानं आत हाक मारली. मेमसाहेब आली, मागून खानसामा आला.

"फिर से दिखाओ! इनको दिखाओ!"

मंडईत ज्यांच्याशी दर करताना दलाल जपून बोलायचे, ते माझे बाबा पुन्हा खाली बसले. या वेळी पागोटं सुटून मानेवर आलं होतं, ते त्यांनी आवरलं नाही. या वेळी मधेच थांबून त्यांनी मेथीला हातही जोडले, "माय, माफ कर!" म्हणाले. ते मी कधी केलंच नव्हतं. ते दलालाचं होतं. मेमसाहेब खुर्चीचा हात धरून हसत होती. मी पायऱ्यांखाली सायकलजवळ उभा होतो. साखळी उतरल्याचं सोंग करून मी वाकलो होतो, पण डोळे काही केल्या तिकडून निघत नव्हते.

साहेबानं डोळे पुसले. "पार्सल ऑफिस में आदमी चाहिए," तो म्हणाला. "जो मेथी पर जूता नहीं रखता, वो संतरे की पेटी भी नहीं पटकेगा. सोमवार से भेज दो इसको."

बाबांनी जमिनीपर्यंत वाकून सलाम केला. पडलेली वांगी गोळा करून खानसाम्याला दिली.

बंगल्यांच्या रस्त्यावरून आम्ही परत निघालो. मी सायकल हातानं ढकलत होतो. नोकरी लागली होती. ज्यासाठी एवढं सगळं केलं ते मिळालं होतं, आणि मला रडू येत होतं, संतापही येत होता. शेवटी राहवलं नाही.

"काहून केलं बाबा तुमी असं? त्याहीच्या समोर, माकडावानी? लाज नाही वाटली तुमाले?"

बापाला कुणी असं विचारतं का? तोंडातून गेलं तेव्हाच मला वाटलं की आता कानाखाली बसते. बाबा चालत राहिले. पागोटं पुन्हा नीट बांधत होते.

"वाटली नं," ते म्हणाले. "लय वाटली. त्यानं पुन्हा कराले सांगतलं तवा टोपली टाकून निंगून जावं वाटलं मले. पन म्हटलं, आता थांबलो का नोकरी जाते."

मग माझ्याकडं न पाहताच ते बोलले, "एक बरं झालं. तू साखळीत गुतला होता. तुवा नाही पाह्यलं मले."

"नाही बाबा," मी म्हणालो. "मले काहीच नाही दिसलं."